सातवी ‘ब’मधील अवाजवी आनंदाचं प्रकरण

मूल सुखी आहे की नाही, हे त्या मुलाला कळणं शक्य नाही. त्याला फक्त बरं वाटत असतं. बरं वाटणं ही खासगी बाब झाली. सुख हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी निदान एक समिती, एक तक्ता आणि दोन पालकसभा लागतात, हे आजच्या सुशिक्षित आईबापांना वेगळं सांगायला नको. मला मात्र ते उशिरा, म्हणजे नात सातवीत गेल्यावर कळलं.

आमच्या काळी हे शास्त्रच नव्हतं. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीजवळ आमची शाळा होती. तिथे आमच्या सुखाची चौकशी एकदाच झाली, शाळा तपासायला साहेब आले होते तेव्हा. “काय मुलींनो, मजेत ना?” असं त्यांनी विचारलं आणि त्यांच्या पाठीमागे गुरुजींनी छडी वर केल्याबरोबर सगळ्या वर्गाने “होऽऽ” म्हटलं. प्रतिसाद शंभर टक्के, खर्च शून्य.

मैत्रीची पद्धत तर त्याहून ढिसाळ. शाळा सुटल्यावर जी आपल्याच दिशेने चालायला लागेल ती मैत्रीण. सुंदरा माझ्या दिशेने चालायची, म्हणून ती माझी मैत्रीण झाली. तिचे गुण, तिची आवड, पुढे तिचा काही उपयोग होईल का, काही म्हणजे काही तपासलं गेलं नाही. आज ती सत्तरीला आली आहे, गुडघे गेले आहेत, आणि अजून माझी मैत्रीण आहे. चूक वेळेवर दुरुस्त केली नाही की ती अशी वर्षानुवर्षं चालत राहते.

पुढे सगळी नोकरी मी एका सरकारी कचेरीत केली. त्यामुळे चांगली कार्यपद्धती दिसली की मला आपोआप आदराने उभं राहावंसं वाटतं. नातीच्या शाळेने मला बरेचदा उभं केलं.

शाळा विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्याला. नाव सांगत नाही. त्यात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द आहे एवढं पुरे. (संस्थापकांचे मेहुणे मस्कतला असतात.) नव्या शतकाची पाचसहा वर्षं झाली होती. येरवड्याच्या पलीकडे जिथे ज्वारी व्हायची तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि आमच्या शाळेतले निम्मे आईबाप सकाळी त्या काचेत शिरून रात्री बाहेर येत. माझा मुलगा संजयही त्यांतलाच. या इमारतींत माणसाचं वर्षातून एकदा मोजमाप होतं. त्याला अप्रेझल म्हणतात. त्यात माणूस कसा आहे ते ठरतं, आणि पुढचं वर्षभर त्याने तसं राहायचं असतं.

पालक-समितीचे अध्यक्ष श्री. बद्रीनाथ अशाच एका कंपनीत मोजणाऱ्यांचे प्रमुख होते. त्यांचा सौरभ चैतालीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या वर्गात. जूनमधल्या सभेत ते उठले आणि म्हणाले, “आपली मुलं अकरा ते चौदा या वयात आहेत. धिस इज अ व्हेरी क्रिटिकल एज. मुलं हॅपी आहेत असं आपण म्हणतो. बरं. डेटा कुठाय?”

खरंच कुणाकडेच डेटा नव्हता. एक आई म्हणाली, “माझा मुलगा घरी आल्यावर शिट्टी वाजवतो.” बद्रीनाथ सरांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं.

मग त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली. मधे फुगीर, दोन्ही बाजूंना उतरती, देवळातल्या घंटेसारखी. ती पाहताच अनेक बापांनी माना खाली घातल्या. त्यांची त्या रेघेशी जुनी ओळख असावी. सरांनी समजावलं, की कुठल्याही वर्गात दहा टक्के मुलं अत्युच्च आनंदी असतात, वीस टक्के आनंदी, साठ टक्के अपेक्षेइतकी आनंदी, आणि उरलेली दहा टक्के ‘सुधारणेस वाव’ असलेली. नसली तर तशी करून घ्यावी लागतात.

“आणि सगळीच मुलं खूश असली तर?” शिट्टीवाली आई म्हणाली.

“मग मोजण्यात चूक आहे मॅडम.”

प्राचार्या सत्यशीला मॅडमनी लगेच ठराव मांडला आणि तो हात वर करून मंजूर झाला. (शिट्टीवाल्या आईचाही हात वर होता. तिला चहा हवा होता.)

मित्र असलेली मुलं शाळेत सुखी राहतात, असं तज्ज्ञांचं म्हणणं असल्याचं सरांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन व कमाल पाच मित्र असणं बंधनकारक झालं. मित्राचं नाव विहित नमुन्यात लिहायचं, त्या मित्राने ‘होय, मी मित्र आहे’ अशी सही करायची, वर्गशिक्षकांनी ती प्रमाणित करायची. आमच्या कचेरीत मेलेल्या माणसाचं नाव कमी करायलासुद्धा याहून कमी सह्या लागत. मी ते छापील कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. किती सुरेख समास सोडला होता!

योजनेचे परिणाम लगेच दिसले. जी मुलं एरवी एकमेकांशी बोलत नसत ती बोलू लागली. “तू माझं नाव टाक, मी तुझं टाकतो” असं. सौरभकडे संगणकावरचे बरेच खेळ असल्यामुळे त्याच्याकडे अर्जांचा ढीग आला. कमाल मर्यादा पाचची, तेव्हा त्याच्या वडिलांनी रविवारी घरी मुलाखती ठेवल्या. पाच मित्र निवडले गेले, दोन प्रतीक्षा यादीवर. सौरभ अर्थातच अत्युच्च आनंदी ठरला. त्याला दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, पण ते आरोग्याच्या सदरात येतं, आनंदाच्या नाही.

एवढ्या नीटस कामात खडा लागला तो माझ्याच नातीचा.

चैतालीने मित्रांच्या रकान्यात एकच नाव लिहिलं: उत्कर्षा. उत्कर्षाने एकच नाव लिहिलं: चैताली. आणि ‘तुम्ही शाळेत किती आनंदी आहात?’ यापुढे दोघींनी पाचापैकी पाच.

उत्कर्षा ही रावसाहेबांची धाकटी मुलगी. रावसाहेब तिथल्या जुन्या गावातले. जमीन कंपन्यांना गेली आणि तिच्या जागी दारात दोन मोठ्या गाड्या आल्या. या दोन मुली मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायच्या आणि पाय हलवायच्या. एवढंच. सदाशिव पेठेत माझी मावशी राहायची, ती असल्या आजाराला ‘पोरी खिदळतात’ म्हणायची आणि सोडून द्यायची. पण इथे प्रश्न आकड्यांचा होता. अत्युच्च आनंदाच्या जागा भरून गेल्या होत्या. (त्या सगळ्या समिती-सदस्यांच्या मुलांना मिळाल्या, हा योगायोग.) शिवाय किमान तीन मित्रांमधून जो आनंद निघायला हवा तो या मुली एकीतच काढत होत्या. शाळेचं पत्र आलं: ‘आपल्या पाल्याच्या बाबतीत उपलब्ध साधनांच्या तुलनेत अवाजवी आनंद आढळून आला आहे. तरी खुलाशासाठी समक्ष उपस्थित राहावे.’

संजय आला होता, पण त्याचा फोन सारखा वाजत असल्यामुळे तो बहुतेक वेळ बाहेर व्हरांड्यात होता. आत मी, रावसाहेब, मॅडम, बद्रीनाथ सर आणि समोर उभ्या दोन मुली.

“मधल्या सुट्टीत तुम्ही काय करता?” सरांनी विचारलं.

“बसतो,” चैताली म्हणाली.

“बसून काय करता?”

“बसतो.”

“काही अ‍ॅक्टिव्हिटी? काही विषय?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “विषय नसतो, सर,” उत्कर्षा म्हणाली.

“मग हसता कशाला?”

“ही हसते म्हणून.”

“आणि ती?”

“ती मी हसते म्हणून.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बघा, म्हणजे मूळ कारण कुठेच नाही. हे मला गंभीर वाटतं.”

रावसाहेब इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, माझी पोरगी खुशीत हाय, हीच तक्रार हाय का? का आजून काय हाय?”

“तक्रार नाही हो. खुशी सस्टेनेबल नाहीये,” बद्रीनाथ सर म्हणाले. “उद्या चैताली दुसऱ्या शाळेत गेली तर तुमची मुलगी काय करेल? सिंगल पॉइंट डिपेंडन्सी आहे. रिस्क आहे.”

“उद्या कशाला जाईल? आन गेली तर रडंल की पोर. रडू नाय का?”

“रडणं टाळता येण्यासारखं आहे,” सर म्हणाले. आणि त्यांनी ते कसं टाळायचं ते सांगितलं. उत्कर्षाची बदली सातवी ‘अ’मध्ये. दोघींची बस वेगळी, मधली सुट्टी वेगळी. प्रत्येकीला शाळेकडून तीन प्रमाणित मैत्रिणी. वर्षअखेर फेरतपासणी, तोवर दोघी पुन्हा एकत्र आढळल्यास एकीने दुसरी शाळा पाहावी. या व्यवस्थेचं नाव ‘आनंद सुधार योजना’.

संजय तेवढ्यात आत आला, म्हणाला, “सॉरी, क्लायंट होता,” आणि त्याने सही केली. रावसाहेबांनी कागद उलटासुलटा पाहिला, आणि सगळे साहेबलोक करतात म्हणजे पोरीच्या भल्याचंच असणार, असं म्हणून त्यांनीही केली. चैतालीला या सगळ्यातलं एवढंच कळलं, की उद्यापासून शेजारची जागा रिकामी असणार. उत्कर्षाने तिच्या दप्तराचा बंद धरून ठेवला होता, तो मॅडमनी हळूच सोडवला.

गाडीत संजय मला म्हणाला, “आई, तू उगाच तोंड पाडून बसू नकोस. मलाही दोन वर्षांपूर्वी ‘सुधारणेस वाव’ मिळाला होता. सुधारलो ना मी?”

तो खरंच सुधारला आहे. पूर्वी आंघोळ करताना गाणी म्हणायचा.

चैतालीही झपाट्याने सुधारली. डबा अर्धा परत येऊ लागला. आपल्या तीन प्रमाणित मैत्रिणींशी ती अत्यंत सभ्यपणे वागे. फोन आला की “हाय, हाऊ आर यू, आय अ‍ॅम गुड” असं म्हणून ठेवून देई. पूर्वी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दिवसभराचं सगळं एका दमात सांगायची, ते आपोआप बंद झालं आणि घरात शांतता आली. दसऱ्याच्या सुमारास शाळेचं पत्र आलं: ‘अभिनंदन! आपल्या पाल्याचा आनंद आता अपेक्षेइतका झाला आहे.’ सूनबाईंनी ते फ्रिजवर लावलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी फोनवर सुंदराशी भांडत होते. विषय नेहमीचा, कुणाची आई जास्त मारायची. मी फोन आपटला तेव्हा चैताली शेजारी बसली होती.

“आजी, तू सुंदराआजीशी रोज भांडतेस?”

“रोज नाही. ती गावाला जाते अधूनमधून.”

“मग परत फोन का करतेस?”

“भांडण अर्धं राहतं ना.”

ती उठून शाळेची नियमपुस्तिका घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, यातलं सरकारी मराठी मला समजावून सांग.” असा आग्रह मला आयुष्यात कुणी केला नव्हता. मी चष्मा लावला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली.

त्या पुस्तिकेत मैत्रीइतकीच भांडणाचीही काळजी घेतली होती. बद्रीनाथ सरांच्या कंपनीत दोन माणसांचं पटेनासं झालं की त्यांना एका खोलीत बसवून बोलायला लावतात. तेच त्यांनी कट्टीला लागू केलं होतं. कलम असं: ‘दोन विद्यार्थ्यांमध्ये कट्टी झाल्याचे निदर्शनास आल्यास, तुकडी कोणतीही असो, उभय पक्षांस दररोज अर्धा तास समेट कक्षात समोरासमोर बसविण्यात यावे. उभयतांनी जाहीररीत्या बट्टी करेपर्यंत ही कार्यवाही खंडित करू नये.’

“उभय पक्ष म्हणजे?” चैतालीने विचारलं.

“दोघी.”

“आणि खंडित?”

“थांबवणं.”

“थँक्यू आजी,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना सातवी ‘अ’च्या रांगेतून उत्कर्षा बाहेर आली, सातवी ‘ब’च्या रांगेत शिरली आणि तिने आपली पाण्याची बाटली चैतालीच्या डोक्यावर उपडी केली. चैतालीने तिची वेणी ओढली. मग दोघींनी सगळ्या शाळेदेखत एकमेकींना करंगळी दाखवून “कट्टी! जन्माची कट्टी!” असं ओरडून सांगितलं. (आदल्या संध्याकाळी आमच्या फोनवरून रावसाहेबांच्या घरी कुणीतरी बोललं होतं. कोण, ते मी विचारलं नाही. घरात लहान मूल एकच आहे.)

मॅडमनी तडक कलम लागू केलं. समेट कक्ष म्हणजे जुनी प्रयोगशाळा. देखरेखीला समुपदेशक नेमायचा होता, पण त्या जागेची जाहिरात कुठल्या वर्तमानपत्रात द्यावी यावर समितीत एकमत नव्हतं. तोवर मुलांनी आपला आपणच समेट करायचा होता आणि कोण काय बोललं ते लिहून अहवाल द्यायचा होता.

“आजी,” त्या संध्याकाळी चैताली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “उद्यापासून दोन पोळ्या जास्त दे. माझ्या वैरिणीला तुझी शेंगदाण्याची चटणी आवडते.”

एकदा ती खेळाचे बूट विसरली म्हणून मी ते द्यायला शाळेत गेले. प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. आत दोघी टेबलावर बसून पाय हलवत होत्या. कोपऱ्यातल्या हाडांच्या सापळ्याला शाळेचा टाय घातलेला होता.

“ए, काल तू अहवालात काय लिहिलंस?” उत्कर्षा विचारत होती.

“तू मला माकड म्हणालीस असं.”

“मी कधी म्हणाले?”

“मग म्हण ना आता. खोटं लिहायचं नाही म्हणतात मॅडम.”

“माकड.”

“थँक्यू.”

मग दोघी हसल्या. कारण पुन्हा काही नव्हतं. मी बूट शिपायाकडे दिले आणि परत आले.

चांगली गोष्ट शाळेत लपून राहत नाही. दिवाळीनंतर पाचवीत दोन मुलांनी एकमेकांच्या वह्या फाडल्या. सहावीत चौघांची एकदम कट्टी झाली. आठवीतले दोघे बालवर्गापासूनचे जिवलग, त्यांनी गॅलरीत मारामारी केली आणि मारताना एकाचा चष्मा पडू नये म्हणून दुसऱ्याने तो आधी काढून खिशात ठेवला. समेट कक्ष अपुरा पडू लागला. मग ग्रंथालय त्यासाठी दिलं (तिथे तसंही कुणी जात नसे). सहामाहीचा अहवाल मी पाहिला आहे. शाळेत मित्र पुरेसे, शत्रुत्व चिंताजनक, आणि हसण्याचा आवाज फक्त समेटाच्या खोल्यांतून. शेवटच्या बाबीला समितीने ‘किरकोळ’ म्हटलं होतं.

यातून वाट काढायची म्हणून बद्रीनाथ सरांनी स्नेहसंमेलनात जाहीर बट्टीचा कार्यक्रम ठेवला. शाळेतलं सगळ्यात जुनं आणि अवघड वैर आधी मिटवायचं, म्हणजे बाकीची आपोआप मिटतील. अर्थातच चैताली आणि उत्कर्षा. मॅडमनी दोघींना बोलावून सांगितलं, की रंगमंचावर दोन बोटं पुढे करायची, बट्टी म्हणायचं, मिठी मारायची. प्रकरण बंद. दुसऱ्या दिवसापासून आपापली तुकडी, आपापली बस, आपापल्या मैत्रिणी.

चैताली घरी आली आणि तिने विचारलं, “आजी, सगळ्यांसमोर नाही म्हटलं तर काय होतं?”

“कलमात नाही ते,” मी म्हटलं. मला खरंच सापडलं नाही.

“उत्कर्षाची आई येणारे. ती रडते लगेच. मग उत्कर्षापण विरघळते. तिच्यावर माझा भरवसा नाही.” एवढं बोलून ती गृहपाठ करायला गेली, आणि तासाभराने पाहिलं तर वही कोरीच होती.

संमेलनाला सगळा मांडव भरला. रावसाहेब पुढच्या रांगेत, शेजारी त्यांच्या मंडळी नवी पैठणी नेसून. संजयने या वेळी फोन बंद केला होता, तो म्हणाला, “मोमेंट आहे आई, रेकॉर्ड करू या.” दोन्ही मुलींना रंगमंचावर समोरासमोर उभं केलं. मागे बासरी लावली. मॅडमनी माइकवरून सांगितलं, की वैराकडून मैत्रीकडे हा प्रवास आपल्या शाळेने कसा घडवला. मांडवात टाळ्या सुरू झाल्या. रावसाहेबांच्या मंडळींनी पदर डोळ्यांना लावला, आणि ते पाहून उत्कर्षाचा चेहरा खरोखरच विरघळू लागला. तिचा हात वर आला. दोन बोटं निम्मी जुळली. बद्रीनाथ सरांनी छायाचित्रकाराला खूण केली.

चैताली त्या बोटांकडे पाहत होती. एवढी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“हिने मला डुक्कर म्हटलं होतं!” ती ओरडली.

उत्कर्षा गोंधळली. तिने म्हटलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. टाळ्या थांबल्या. बासरी चालूच होती. उत्कर्षाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा चैतालीकडे, आणि मग ती जुळत आलेली बोटं मिटून तिने करंगळी ताणून पुढे केली.

“म्हटलं होतं! परत म्हणेन! डुक्कर! डुक्कर!”

चैतालीचे ओठ हलले. लांबून मला ऐकू आलं नाही, पण ‘थँक्यू’ असेच हलले असावेत.

मांडवात कुजबूज झाली. संजयने चेहरा झाकून घेतला. रावसाहेब मात्र उभे राहिले. “घ्या!” ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले. “आमच्या भावकीत बांधावरनं तीन पिढ्या बोलणं नाय. जमीन गेली, बांध गेला, तरी नाय! पोरगी वळणावर गेली हो!” त्यांच्या मंडळींनी त्यांना सदरा ओढून खाली बसवलं.

समितीची बैठक तिथेच पडद्यामागे झाली. एवढं खोल वैर दोन तुकड्यांत विभागून ठेवणं धोक्याचं आहे, ते सतत नजरेखाली असलं पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. त्यानुसार दोघींना उद्यापासून सातवी ‘ब’मध्ये, एकाच बाकावर, शिक्षकांच्या टेबलासमोर बसवण्याचा लेखी आदेश निघाला. बसही एक. कार्यवाही दहावीपर्यंत. मी इतकी वर्षं कचेरीत काढली, पण एखाद्याला हवं ते इतक्या थोडक्या वेळात मंजूर झालेलं मी कधी पाहिलं नाही.

चपला शोधत असताना सौरभ, बद्रीनाथ सरांचा मुलगा, आमच्याजवळ आला. त्याचे पाचही प्रमाणित मित्र मागे आइस्क्रीमच्या रांगेत होते, त्याच्या पैशाने. तो चैतालीला हळूच म्हणाला, “ए, तू माझ्याशी कट्टी करशील का?”

चैतालीने त्याला नीट न्याहाळलं. “आत्ता नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “तू आधी काहीतरी कर ना. उद्या बस आमच्या मागच्या बाकावर, बघू.”

“काय करू?”

“ते तुझं तुला सुचायला पाहिजे.”

तो विचार करत निघून गेला. सोमवारी त्याच्या पोटात दुखलं नाही, असं त्याची आई कुणाला तरी सांगत होती. त्याच आठवड्यात सर्वेक्षणात त्याचा आनंद पाचावरून चारावर आला आणि बद्रीनाथ सरांनी त्याच्यासाठी वेगळी शिकवणी लावली.

हे सगळं मी सविस्तर लिहिलं, कारण ही पद्धत आता पुण्यातल्या इतर शाळांतही यावी अशी माझी इच्छा आहे, आणि आपणही आईबाप असाल. आपलं मूल हल्ली कसं आहे, हे तपासायला कुठलाही तक्ता लागत नाही. आज संध्याकाळी घरच्या घरी करता येईल. ते दार आपटतं का, “तुला काही कळत नाही” असं म्हणतं का, ताट सरकवून भांडण अर्धं टाकून उठतं आणि पाच मिनिटांनी ते पुरं करायला परत येतं का, ते पाहावं. तसं असेल तर अजून थोडा त्रास काढावा लागेल.

पण ते आपल्याशी अत्यंत सभ्यपणे वागत असेल, शाळा कशी झाली म्हटल्यावर “छान” म्हणत असेल, आणि आपण पुढे काही विचारायच्या आत हसून खोलीत जात असेल, तर आपलं अभिनंदन. ‘आनंद सुधार योजने’वरची आपली सही प्रमाणित झाली आहे.